साठ अधिक साठ

आमच्या सोसायटीचं नाव ‘सुसंवाद’ आहे. हे नाव कोणी सुचवलं मला माहीत नाही, पण त्या गृहस्थाला विनोदबुद्धी होती हे नक्की. कर्वेनगरात, कॅनॉल रोडपासून थोडं आत, तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी म्हणजे गोपाळकृष्ण आठल्ये, शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेला मास्तर. दहावीच्या मुलांना मी सारी नोकरीभर विद्युतधारेचा धडा शिकवला. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे शक्ती. यात मतभेदाला जागा नाही, म्हणून मला हा धडा फार आवडायचा. अशा गोष्टीवरसुद्धा माणसं हात वर करून मतदान करू शकतात, हे मला निवृत्तीनंतर ‘सुसंवाद’मध्ये कळलं.

एक्याण्णव साल असेल. जिन्यातले बल्ब टिकत नव्हते. रात्री आमच्या भागात व्होल्टेज चढायचं आणि आज या मजल्यावरचा, उद्या त्या मजल्यावरचा बल्ब उडायचा. मग तो बदलायचा कोणी, नवा बल्ब काढून स्वतःच्या मोरीत कोणी लावला, यावर आठवडाभर चर्चा चालायची. आमचे सेक्रेटरी हिंदुराव जगताप. सरकारी खात्यातून मोठे साहेब म्हणून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहणारे, खणखणीत आवाजाचे. माणूस वाईट नाही. पण एखादी गोष्ट आपल्याला कळत नसावी, अशी शंका त्यांना कधी आल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांना कोणीतरी सांगितलं, की एका बल्बऐवजी दोन बल्ब सिरीजमध्ये लावा, जन्मात उडणार नाहीत. झालं. मंडईजवळून मेहबूब वायरमनला बोलावणं गेलं आणि प्रत्येक मजल्यावर साठ-साठचे दोन बल्ब एका पट्टीवर शेजारी शेजारी बसले.

मी संध्याकाळी फिरून आलो तेव्हा मेहबूब शिडी मिटत होता. जिन्यात पणतीचा पडावा तसा तांबूस उजेड होता. माझ्या पायाची बोटं मला दिसत नव्हती.

“मेहबूब, हे काय केलंत?”

“सिरीज केली, सर. साहेबांनी सांगितलं.”

“उजेड किती पडणार, ते सांगितलंत का साहेबांना?”

“बोललो ना. साहेब म्हणाले, आधी एक होता, आता दोन आहेत, कमी कसा पडेल?” त्याने शिडी खांद्याला लावली. “मग मी जोडून दिलं. काम त्यांचं आहे, सर. मी कशाला वाद घालू?”

त्याचं बरोबर होतं. वाद घालायला इमारतीत मी एकटा पुरेसा होतो.

माझी बायको सरोजिनी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरत होता. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळ्यापर्यंत थांबू, जरा पिकू दे. तोवर ती दिवसा ठीक असायची, पण दिवेलागणीनंतर तिला सगळं धूसर दिसायचं. तरी ती स्वस्थ बसणारी नव्हती. आमच्या घरात माणसांशी बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. कोणाकडे विरजण, कोणाकडे कढीलिंब, कोणाच्या सुनेला बरं नाही म्हणून भाताची पेज, असं दिवसातून अनेकदा ती जिना चढायची-उतरायची. बल्ब बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती वर आली ती भिंतीला हात लावत. हाताला चुना लागला होता.

“जिन्यात काही दिसत नाही हो आता,” ती म्हणाली.

“दिसणार कसं? साठ अधिक साठ म्हणजे तीस झालेत.”

“म्हणजे?”

मी तिला समजावलं. साठ वॅटचा एक बल्ब आपल्या दोनशे तीस व्होल्टवर पाव अँपियरच्या जरा वर करंट घेतो. म्हणजे त्याचा रोध झाला पावणेनऊशे ओहमच्या आसपास. दोन बल्ब एकामागे एक जोडले की रोध दुप्पट, करंट निम्मा. दोनशे तीस गुणिले निम्मा करंट, तीस वॅट. ते दोघांत वाटून घ्यायचे. म्हणजे साठचा बल्ब पंधराचा झाला. ती भाजी निवडत ऐकत होती. तिने इतकंच विचारलं, “मग विजयमालावहिनींना सांगू का मी? मला संध्याकाळचं दिसत नाही, एवढं म्हटलं तरी बदलतील ते.”

विजयमाला म्हणजे हिंदुरावांच्या पत्नी. सरोजिनीचं आणि त्यांचं चांगलं होतं.

“अजिबात सांगायचं नाही,” मी म्हणालो. “हा उपकाराचा प्रश्न नाही, गणिताचा आहे. तुझ्या डोळ्यांची दया येऊन त्यांनी बल्ब बदलले, तर त्यांचं गणित बरोबरच राहिलं.”

तिने नंतर खरंच कोणाला सांगितलं नाही. मी सांगितलेलं ती ऐकायची.

मी हिंदुरावांकडे गेलो. त्यांनी मला चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, तुमचा विषय आहे, मान्य. पण बल्बवर काय छापलंय? साठ. दुसऱ्यावर? साठ. कंपनी खोटं छापते का?” मी म्हणालो, ते दोनशे तीस व्होल्टला साठ. ते म्हणाले, “मग आपल्याकडे दोनशे तीसच येतात की.” अशा माणसाला कुठून सुरुवात करून शिकवायचं, हे मला बी.एड.ला कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर सर्वसाधारण सभा झाली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, चिवड्याच्या बशा फिरत होत्या. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, मग झाडांच्या कुंड्या, आणि मग ‘जिन्यातील प्रत्येक मजल्यावर एकशेवीस वॅटचा प्रकाश उपलब्ध करून दिल्याबद्दल सचिवांचे अभिनंदन’. मी वाचून दाखवणाऱ्याला पुन्हा वाचायला लावलं. त्याने पुन्हा वाचलं. एकशेवीसच होते.

मी तयारीने गेलो होतो. शाळेतले मीटर सेलच्या विजेपुरतेच, त्यांचा इथे उपयोग नाही, म्हणून आयटीआयमधल्या एका मित्राकडून घरच्या विजेवर चालणारा ॲमीटर आणि व्होल्टमीटर मागून आणले होते. मुलीच्या लहानपणचा फळा होता, तो स्कूटरला टेकवला. एक लाकडी पट्टी, तिच्यावर दोन होल्डर, साठ-साठचे दोन बल्ब. आधी मी फळ्यावर गणित मांडलं. नंतर म्हणालो, आता आपण प्रत्यक्ष मोजू. करंट यायला हवा शून्य पॉइंट तेरा अँपियर.

बटण दाबलं. काटा शून्य पॉइंट तेराच्या पुढे गेला आणि अठरापाशी थांबला.

काटा तिथेच थांबणार, हे मला कळायला हवं होतं आणि क्षणभरात ते कळलंही. बल्बची तार पूर्ण तापलेली असते तेव्हा तिचा रोध पावणेनऊशे. निम्म्या व्होल्टेजवर ती तितकी तापत नाही, मग रोधही तितका राहत नाही, साडेसहाशेपर्यंत उतरतो, म्हणून करंट थोडा जास्त. म्हणजे एकूण वॅट तीस नव्हे, चाळीसच्या आसपास. पण त्यातलं बहुतेक नुसती धग होऊन जातं. तार लालसर राहते, पांढरी होत नाही. दोन्ही बल्बांचा मिळून उजेड एका साठच्या बल्बाच्या पाचव्या हिश्शाएवढासुद्धा पडत नाही. म्हणजे मी म्हणत होतो त्याहून परिस्थिती वाईट होती. हे सगळं मी सांगायला तोंड उघडलं.

“थांबा, थांबा,” हिंदुराव उठून उभे राहिले. “सर, फळ्यावर किती लिहिलंय? तेरा. मीटर किती म्हणतो? अठरा. म्हणजे गणित तुमचंच चुकलं की.”

पार्किंगमध्ये हशा पिकला. मी तापलेल्या तारेबद्दल बोलत राहिलो, पण हसणाऱ्या माणसांना तापलेली तार समजावता येत नाही. कोणीतरी म्हणालं, “सर, पेपर तपासताना असे किती जणांचे मार्क कापलेत?” पुन्हा हशा. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, “मुद्दा काय आहे, बल्ब उडत नाहीत ना?” नाहीत. एकही उडाला नव्हता. अर्धपोटी माणूस धावत नाही, त्यामुळे ठेचकाळतही नाही, हे मी म्हणालो ते कोणी ऐकलं नाही.

मग मतदान. अभिनंदनाच्या बाजूने सगळे हात वर. विरुद्ध माझा एक. सरोजिनी बायकांच्या रांगेत बसली होती. फ्लॅट माझ्या नावावर, त्यामुळे तिला मत नव्हतंच. पण मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

वर आल्यावर तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, “तुम्हाला जिन्यात उजेड हवाय, की ते चुकले असं त्यांच्याकडून ऐकायचंय?”

“दोन्ही.”

“दोन्ही नाही मिळायचं.”

“मग दुसरं आधी,” मी म्हणालो. रागात म्हणालो, पण खोटं नाही म्हणालो.

त्यानंतर मी एक नियम केला. घरात तीन सेलची बॅटरी होती. सरोजिनी संध्याकाळी खाली जाताना ती घेऊन जायला लागली होती. मी ती कपाटावर ठेवून दिली. आपण बॅटरी घेऊन जिना उतरायला लागलो की त्यांची सोय झाली. सोय झाली की प्रश्न मिटला. असा प्रश्न मिटू द्यायचा नव्हता. हे मी तिला नीट समजावून सांगितलं आणि तिने “बरं” म्हटलं. तिच्या “बरं”मध्ये किती काय असतं हे मी कधी मोजलं नाही.

हिंदुरावांशी मी बोलणं टाकलं. समोरून आले तर मी मीटरच्या पेटीकडे बघत जायचो. ते मात्र रोज “काय सर” म्हणायचे, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

संक्रांत आली. सरोजिनीने तिळाचे लाडू केले. दरवर्षी आम्ही दोघं मिळून सगळ्या घरांत तिळगूळ द्यायला जातो. त्या वर्षी मी म्हणालो, तळमजल्यावर मी येणार नाही. त्या माणसाला गोड बोला म्हणायला माझी जीभ वळणार नाही. ती म्हणाली, “सणाचं तरी चला.” मी पेपर उघडला. थोडा वेळ ती दारात उभी राहिली. मग लाडवांचा डबा घेऊन एकटीच गेली. दिवेलागण होऊन गेली होती.

आधी डब्याचा आवाज आला. मग काहीतरी मोठं पडल्याचा.

मी कपाटावरची बॅटरी घेतली आणि बाहेर धावलो. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर ती पडली होती, एक पाय विचित्र वळलेला. ओरडत नव्हती. डबा उघडून लाडू पायऱ्यांवरून घरंगळत गेले होते, पार हिंदुरावांच्या दारापर्यंत. दारं उघडली. सगळे जमले. हिंदुराव बनियनवर धावत वर आले, त्यांच्यामागे विजयमालावहिनी. आणि मला वाटलं, हाच तो क्षण. इतके दिवस मी ज्यांना फळ्यावर दाखवत होतो ते सगळे इथे उभे आहेत, आणि पुरावा त्यांच्या समोर आहे. मी बॅटरी वर धरली, त्या दोन बल्बांवर. आणि मोठ्याने म्हणालो, “बघा. नीट बघून घ्या. हे तुमचे एकशेवीस वॅट.”

विजयमालावहिनी सरोजिनीचं डोकं मांडीवर घेत म्हणाल्या, “सर, बॅटरी जरा इकडे खाली धरा.”

मी खाली धरली. धरली नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हिंदुरावांनी आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं, हिंदुरावांच्या गाडीत घातलं, आणि त्यांनी स्वतः गाडी चालवून दवाखाना गाठला. मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो होतो. वाटेत ते एकदा म्हणाले, “सर, काळजी करू नका.” या माणसाच्या गाडीतून जावं लागतंय, याचाच मला संताप येत होता. मागच्या सीटवर सरोजिनी विजयमालावहिनींचा हात धरून होती.

ऑपरेशन झालं, हाडात पट्टी बसवली. आमची मुलगी शालू हडपसरहून आली आणि दवाखान्यातच राहिली. मी घरी येऊन सहकार खात्याकडे करायच्या तक्रारीचा मसुदा लिहिला. चांगला झाला होता. रोध, करंट, शक्ती, तापलेल्या तारेचा खुलासा, सगळं क्रमवार. शेवटी फक्त एक ओळ सरोजिनीची हवी होती, की जिन्यात पुरेसा उजेड नसल्यामुळे मी पडले. खाली तिची सही. मी तो कागद घेऊन गेलो तेव्हा नेमके हिंदुराव आणि विजयमालावहिनी आले होते, मोसंबी घेऊन. मी म्हटलं, बरंच झालं, समोरासमोर होऊन जाऊ दे. मी कागद वाचून दाखवला. हिंदुरावांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच मी त्या माणसाला गप्प झालेला पाहत होतो. मी सरोजिनीच्या हातात पेन दिलं.

“जिन्यात उजेड होता,” सरोजिनी म्हणाली. “माझी चप्पल सटकली.”

मला वाटलं भुलीचा असर असेल. “कुठली चप्पल? इमारतीत तू चप्पल घालतेस का कधी?”

“त्या दिवशी घातली होती.”

“सरोजिनी, जिन्यात चप्पल नव्हती. मी बघितलंय.”

“तुम्ही कुठे बघत होतात ते मला माहीत आहे,” ती म्हणाली आणि पेन उशीशेजारी ठेवून दिलं.

तिच्या पायात चप्पल नव्हती हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. विजयमालावहिनींनी तर तिचे अनवाणी पाय स्वतः चादरीत गुंडाळले होते. शालूने मोसंबी सोलायला घेतली. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो, की रीडिंग जे येईल ते लिहा, मनाचं लिहू नका. आणि माझ्या बायकोने चार माणसांसमोर, शुद्धीवर असताना, मनाचं रीडिंग दिलं. मी कागद घडी करून खिशात घातला आणि चालत घरी आलो.

दवाखान्यातून तिला शालूने हडपसरला नेलं. शालूचं घर बैठं आहे, एक पायरीसुद्धा नाही, पुढे अंगण. डॉक्टरांनी दोन-तीन महिने जिना नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मलाही बोलायला जागा नव्हती. मी रविवारी बसने जायचो. ती वॉकर धरून चालायला लागली. मग मोतीबिंदूचंही तिथेच उरकलं, आधी एक डोळा, मग दुसरा. तीन महिने होऊन गेले. मी विचारलं, की ती म्हणायची, “बघू.” शालू विषय बदलायची. घरी मी भात आणि पिठलं करून खायचो. विरजण मागायला कोणी वर येत नसे.

उन्हाळ्यातली गोष्ट. मी फिरून आलो, जिन्यात पाय ठेवला आणि थबकलो. जिना लख्ख दिसत होता. वर बघितलं. पट्टी गेली होती, सिरीज गेली होती. साठचा एकच बल्ब, पांढरा, भरपूर. पहिल्या मजल्यावर तसाच, दुसऱ्यावर तसाच, तिसऱ्यावर तसाच. मेहबूब शेवटचा होल्डर पुसत होता.

मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, शेवटी पटलं. उशिरा का होईना, पटलं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्या जिन्यातून ताठ मानेने उतरलो आणि हिंदुरावांची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं.

“चूक मान्य केलीत, बरं वाटलं,” मी म्हणालो.

ते गोंधळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक फार प्रेमळ भाव आला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “सर, आधी सांगायचं ना. एवढं मनात ठेवायचं?”

“काय सांगायचं?”

“डोळ्यांचं. वहिनींनी हडपसरहून आमच्या मंडळींना फोन केला होता. म्हणाल्या, ह्यांना संध्याकाळचं दिसत नाही, पण स्वभाव असा, की सांगणार नाहीत. गणित घालत बसतील. तेवढा जिन्यात उजेड करा, मी तिथे नाही, मला काळजी वाटते. मी त्याच दिवशी कमिटीला बोलावलं. दोन मिनिटांत ठराव. एकमताने, सर. बल्ब उडाले तर उडू देत. माणूस महत्त्वाचा.” ते माझा हात थोपटत होते. “तुम्ही वर जाताना कठड्याला धरून जात जा.”

मी हात सोडवून घेतला. माझे डोळे उत्तम आहेत. मी आजही सुईत दोरा ओवतो. फळा, मीटर, पावणेनऊशे ओहम, तापलेली तार, मोडलेला खुबा, यातल्या कशानेही जो बल्ब बदलला नाही, तो एका फोनने बदलला. आणि इमारतीने मला आंधळा ठरवलं, एकमताने. त्यांचं गणित होतं तसंच राहिलं. साठ अधिक साठ एकशेवीस, फक्त आठल्येसरांना बिचाऱ्यांना ते दिसत नव्हते.

सकाळी पहिल्या बसने हडपसरला गेलो. सरोजिनी अंगणात खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होती. चष्मा नवा होता. एकेक खडा लांबूनच टिपत होती. शालू आत होती.

“माझ्या डोळ्यांना काय झालंय?” मी विचारलं. बसायचंही माझ्या लक्षात आलं नाही.

“काही नाही.”

“मग फोनवर काय सांगितलंस?”

“माझ्या डोळ्यांचं सांगायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात,” ती म्हणाली. “मग तुमच्या डोळ्यांचं सांगितलं.”

“खोटं.”

“हो. उजेड झाला ना?”

“झाला.”

“आता त्या जिन्यातून कोणी पडणार नाही. विजयमालावहिनींची सूनही येणार आहे बाळंतपण आटोपून.” तिने ताट हलवून तांदूळ सारखे केले.

माझ्याकडे बोलायला खूप होतं. बसमध्ये सगळं क्रमाने लावून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, “मग आता घरी चल. प्रत्येक मजल्यावर पूर्ण साठ वॅट आहेत. मी बघितलंय.”

ती तांदळात बोटं फिरवत राहिली.

“मी पडले तेव्हा बॅटरी कुठे धरली होतीत?”

“बल्बवर,” मी म्हणालो. “लोकांना दिसायला हवं होतं.”

“मला वाटलं माझ्यावर धराल,” ती म्हणाली. “पाय मोडलाय हे मला कळलं होतं. तुम्ही वरून येताना तो उजेड दिसला, मला बरं वाटलं. म्हटलं, आले. मग उजेड माझ्यावरून वर निघून गेला.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

“मी इथेच राहते,” ती म्हणाली. “तुम्हाला भाताला तांदूळ देऊ का यातले? निवडलेले आहेत.”

तांदळाची पिशवी घेऊन मी परत आलो तेव्हा अंधार पडला होता आणि जिन्यात दिवे लागले होते. हिंदुरावांच्या दाराच्या फटीतून कोणीतरी, मी नीट चढतो की नाही, ते बघत होतं. मी कठड्याला हात लावला नाही. वळणावर, जिथे ती पडली होती तिथे, पायरीच्या कोपऱ्यात तीळ चिकटून राहिले होते, गुळासकट काळे पडलेले. रोज इतक्या वेळा तिथून गेलो, पण ते मला दिसले नव्हते. आता एकेक तीळ वेगळा दिसत होता. मी पिशवी खाली ठेवली आणि नखाने ते खरवडायला बसलो. वरून कोणीतरी विचारलं, “सर, दिसतंय ना?”

“दिसतंय,” मी म्हणालो.